अभ्यंग आणि वैराग्य

अंगाला तेल लावून ते हातांनी जिरवणे म्हणजे अभ्यंग. आयुर्वेदाने तो दिनचर्येत घातला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, अभ्यंग रोज करावा, त्यातही डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतात, झोप चांगली लागते, कातडी तुकतुकीत होते, ही त्याची फळे. याच परंपरेत देह नाशिवंत आहे, त्याची आसक्ती माणसाला बांधून ठेवते, अशीही शिकवण आहे आणि तीही तितक्याच ठामपणे दिलेली आहे. जो देह एक दिवस टाकायचाच आहे, त्याला रोज सकाळी तेल कशाला चोळायचे? शास्त्रकारांनी या प्रश्नाचे एकच उत्तर दिलेले नाही. गृहस्थाला वेगळे, ब्रह्मचाऱ्याला वेगळे आणि आजाऱ्याला आणखी वेगळे.

प्रश्नाकडे वळण्याआधी अभ्यंगात प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे बरे. पंचकर्म केंद्रात आधी भूक, पोट, झोप आणि जुनी दुखणी यांची विचारपूस होते. तेल बहुधा तिळाचे असते. वाताच्या तक्रारी असल्या तर बला तेल किंवा महानारायण तेल निवडतात. ते कोमट करून आधी टाळूवर घालतात, मग कान, मान, खांदे असे खाली उतरतात. हातापायांच्या लांब हाडांवर हात लांब फिरतो, सांध्यांवर गोल. पोटावर हलका हात, तोही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. अर्धा-पाऊण तास हे चालते. त्यानंतर वाफ, मग उटणे किंवा डाळीचे पीठ लावून तेल काढणे आणि ऊन पाण्याची आंघोळ. अंगावर कपडा किती ठेवायचा आणि हाताचा जोर किती हवा, हे तेल लावून घेणाऱ्याने ठरवायचे असते. दुखले की लगेच सांगावे. मुकाट सोसल्याने गुण वाढत नाही. नंतर गुंगी येते, भूक लागते. जोरात मालिश झाली असेल तर दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकते आणि एक-दोन दिवसांत ते थांबते.

नकोच, अशाही वेळा आहेत आणि त्या जुन्या ग्रंथांनीच सांगून ठेवल्या आहेत. अजीर्ण झालेले असताना, कफ वाढलेला असताना, ताप नुकताच आलेला असताना आणि वमन-विरेचनासारखी शुद्धी झाल्यावर लगेच अभ्यंग करू नये. आजचे डॉक्टर या यादीत पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी, ताजे मोडलेले हाड आणि कातडीचा संसर्ग यांची भर घालतात. गुठळीचा इशारा सर्वांत गंभीर आहे, कारण चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

गुण कितपत येतो? २०१५ साली कंबरदुखीवरच्या मालिशच्या चाचण्यांचा एक कॉक्रेन आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दुखणे काही काळ कमी होते असे दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमी ठरला आणि लांबच्या मुदतीत फरक टिकल्याचे दिसले नाही. मालिशमुळे शरीरातली ‘विषे’ बाहेर पडतात, असे जाहिरातींत छापतात. त्याला आधार नाही. सुश्रुताचा टीकाकार डल्हण तर तेलाच्या प्रवासाचे वेळापत्रकच देतो: ३०० मात्रांत (मात्रा हे काळाचे छोटे माप) केसांच्या मुळापर्यंत, ४०० मात्रांत त्वचेत, ५०० मात्रांत रक्तात, असे करत ९०० मात्रांत मज्जेपर्यंत. त्वचेचा बाहेरचा थर एवढे काही आत जाऊ देत नाही, हे आता ठाऊक आहे. पण तेल हाडापर्यंत पोहोचले नाही म्हणून सगळे खोटे ठरत नाही. केस असलेल्या त्वचेत काही मंद मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरणारा हलका हात त्यांना सर्वांत जास्त चेतवतो. कुठे काय लागले याची बारीक खबर दुसरे तंतू देतात. मंद तंतूंचे काम बरे वाटण्याशी जोडलेले आहे.

चरकाचे विवेचन इथून पुढे जाते आणि ते वैद्यकापेक्षा तत्त्वज्ञानाच्या जवळचे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की स्पर्शेंद्रियात वायूचा जोर असतो, स्पर्शेंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून त्वचेला हितकर असलेला अभ्यंग नेहमी करावा. अकराव्या अध्यायात तो आणखी मोठे विधान करतो: स्पर्श हे एकच इंद्रिय बाकी सगळ्या इंद्रियांना व्यापून आहे आणि त्याचा मनाशी कायमचा संबंध आहे. हे मान्य केले तर अभ्यंग नुसत्या देहाचा राहत नाही. हात कातडीवर फिरतो आणि त्याची पोच मनापर्यंत जाते.

त्वचेच्या या व्यापकपणावर न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांनी, म्हणजे नैयायिकांनीही, मोठा खल केला आहे. त्वचा सगळीकडे आहे, मग तिलाच एकमेव इंद्रिय का मानू नये, असा पूर्वपक्ष गौतमाच्या न्यायसूत्रांतच येतो. न्यायपरंपरा तो खोडून काढते: तसे असते तर सगळे विषय एकाच वेळी कळले असते आणि आंधळ्यालाही रंग दिसला असता. तरीही पुढच्या नैयायिकांनी त्वचेला एक वेगळा मान दिला. कोणतेही ज्ञान व्हायचे तर मनाचा त्वचेशी संयोग हवा. गाढ झोपेत मन पुरीतत् नावाच्या नाडीत शिरते, तिथे त्वचा नाही, म्हणून त्या वेळी काहीच जाणवत नाही. अभ्यंगाच्या वेळात माणूस हमखास झोपेच्या उंबरठ्यावर जाऊन परततो. तर्कशास्त्र्यांनी तेलाचा विचार केला नव्हता, पण हा अनुभव त्यांच्या सिद्धान्तात चपखल बसतो.

आता विरोधी पक्ष. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने टाळायच्या गोष्टींत अभ्यंग आहे. सोबत काजळ, जोडे आणि छत्री. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात साधूला वर्ज्य असलेल्या आचारांच्या लांब यादीत अंग दाबून घेणे आहे आणि अंगाला तेल लावणेही आहे. वाद तेलाशी नाही, सुखाशी आहे. कामसूत्रातला नागरक, म्हणजे शौकीन शहरी गृहस्थ, एक दिवसाआड अंग चोळून घेतो आणि अंग चेपण्यातले कौशल्य चौसष्ट कलांत गणले जाते. विद्यार्थ्याने आणि साधूने दूर राहायचे ते या नागरकाच्या जगापासून.

बौद्ध विनय, म्हणजे भिक्खूंचे आचारनियम, जास्त व्यवहारी आहे. भिक्खूंनी आंघोळ करताना झाडाला किंवा खांबाला अंग घासू नये असा नियम आहे, कारण लोकांना ते पहिलवानी चोचले वाटले. पण पिलिंदवच्छ या भिक्खूचे डोके दुखू लागले तेव्हा डोक्याला तेल लावायची मुभा मिळाली. पाय फुटले तेव्हा पायांना तेल मिळाले. म्हणजे देहाला गोंजारणे आणि देह चालता ठेवणे, यांत विनयाने रेषा आखली आणि ती दुखण्याच्या जागी आखली. संयुक्त निकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात म्हातारे बुद्ध संध्याकाळच्या उन्हात पाठ शेकत बसले आहेत. त्यांचा शिष्य आनंद हातपाय चोळतो आहे. चोळता चोळता तो सरळ म्हणतो की आता कातडीला सुरकुत्या पडल्या, अंग पुढे झुकले. बुद्ध ते नाकारत नाहीत. तरुणपणात म्हातारपण दडलेलेच असते, असे सांगतात. देहाची अनित्यता इथे प्रवचनातून आली नाही, ती आनंदाच्या तळहाताला लागली. तेल चोळणे आणि वैराग्य यांच्यात विरोधच असला पाहिजे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

संस्कृत नाटकात या पेचाची एक विलक्षण व्यक्तिरेखा आहे: शूद्रकाच्या मृच्छकटिकातला संवाहक. तो मूळचा पाटलिपुत्रातल्या बऱ्या घरचा. अंग चेपण्याची विद्या कला म्हणून शिकला, पुढे तीच पोटाचा धंदा झाली. उज्जयिनीत चारुदत्ताकडे राहिला, मालक दरिद्री झाल्यावर जुगारी बनला, दहा सुवर्णमुद्रा हरला. गणिका वसंतसेनेने ते ऋण फेडले आणि विटलेला संवाहक बौद्ध भिक्षू झाला. पुढे खलनायक शकाराने गळा दाबून पाचोळ्यात टाकलेली वसंतसेना त्यालाच सापडते. ओल्या चीवराचे पाणी शिंपडून तो तिला शुद्धीवर आणतो. पण उठवायला हात देत नाही. शेजारची वेल वाकवून तिच्यापुढे धरतो. ज्याचे सगळे आयुष्य दुसऱ्यांच्या अंगाला हात लावण्यावर चालले, त्याच्या वैराग्याची खूण शूद्रकाने नेमकी स्पर्शातच दाखवली आहे.

गृहस्थाच्या बाजूचे सर्वांत भक्कम उत्तर पुन्हा चरकाकडेच मिळते. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. तिथे भर आहे घोडे आवरण्यावर. चरक अभ्यंगाच्याच अध्यायात आधी सांगतो की तेल चोळलेले मडके, कातडे आणि गाडीचा आस जसा टिकतो तसे अभ्यंगाने शरीर कष्ट सोसते. आणि त्याच अध्यायाच्या शेवटाकडे म्हणतो की रथी जसा रथाची काळजी घेतो तशी शहाण्याने शरीराची घ्यावी. मुक्काम रथापेक्षा मोठा आहे, हे कठोपनिषद सांगते. चरक त्याला विरोध करत नाही. तो एवढेच विचारतो की आसाला तेल कोण घालणार. देहाची आसक्ती आणि देहाची देखभाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी टाळली म्हणजे पहिली सुटते असे नाही. कुरकुरणारा गुडघा माणसाला देहाची आठवण चोवीस तास करून देतो.

धर्मशास्त्राने या देखभालीला सणाचे रूप दिले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या धर्मसिंधूत, नरकाची भीती असलेल्यांनी आश्विन वद्य चतुर्दशीला चंद्रोदयाच्या वेळी तिळाचे तेल लावून स्नान करावे असे सांगितले आहे. मराठी घरांत त्या पहाटे पाटावर बसवून आई तेल लावते, उटणे चोळते आणि कारीट पायाखाली फुटते. एरवीच्या वारांचे निषेधही आहेत, आणि पळवाटाही: रविवारी तेलात फूल टाकावे, मंगळवारी माती, गुरुवारी दूर्वा. निषेध पाळणाऱ्यांची अंगे दुखायची थांबत नव्हती, एवढे या पळवाटांवरून उघड दिसते.

तेल लावणाऱ्याच्या बाजूचा विचार मात्र धर्मशास्त्राने फार विचित्र केला. मनू शिष्याला बजावतो की गुरुपुत्राचे अंग चोळू नये, गुरुपत्नीला तेल लावू नये. गुरूचे अंग चेपणे ही सेवा, तिचे पुण्य आहे. पण तेच काम मोबदला घेऊन करणारा हात हलका ठरला. गावगाड्यात मालिश न्हाव्याकडे आली, बाळ-बाळंतिणीचे तेल-पाणी सुईणीकडे. सव्वा महिना रोज येऊन तान्ह्याला पायांवर घेऊन चोळणारी, बाळंतिणीची कंबर दाबणारी, शेक-धुरी देणारी बाई घराच्या सर्वांत नाजूक जिवांना हात लावत असे, आणि तिचा कप मात्र कित्येक घरांत वेगळा असे. शुद्धाशुद्धतेच्या कोणत्याच तर्कात हे बसत नाही. अभ्यंगाने कोणाला काय लाभते याची चर्चा पानेच्या पाने आहे; तेल लावणाऱ्याच्या प्रतिष्ठेची फारशी नाही. चित्रपटानेही त्याला बहुधा विनोदापुरतेच ठेवले, जरी ‘प्यासा’मधला (१९५७) जॉनी वॉकरचा मालिशवाला नायकाला अखेरपर्यंत ओळखणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक आहे.

वैद्यकात तरी हा हात उपेक्षित नव्हता. चरकाने उपचाराचे चार पाय मानले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. अंग चोळणारा यांतल्या तिसऱ्यात येतो. त्याच्याकडे सेवेचे ज्ञान, चपळपणा, रुग्णाविषयी आपुलकी आणि स्वच्छता हवी, असे सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. आज केंद्र किंवा मालिशवाली निवडताना याच चार गोष्टी पाहायच्या असतात, आणि त्या चारांत जातीचा उल्लेख नाही.