निजलेला गाडीवान

शिरूर अनंतपाळच्या बाजारातून रात्री परतणारा गाडीवान कासरा सैल सोडून कडब्यावर निःशंक निजे, आणि बैल वाट चुकणार नाहीत या त्याच्या विश्वासाचे माप घेण्यास निजामी अमदानीत कोणी मोजणीदार आला नाही. आता सारथीविरहित मोटारीवरील विश्वास मोजू पाहणारे विद्वान, स्वयंचलित यंत्रणांसाठी २००० साली सिद्ध झालेली बारा विधानांची मापपट्टी पुढे करून, एक ते सातांपैकी आकडा मागतात. कठोपनिषदाने शरीरास रथ व बुद्धीस सारथी म्हटले. परंतु आतला स्वामी त्या सारथ्यावर किती विसंबतो, हे त्याला स्वतःला तरी ठाऊक असते काय? मला त्या आकड्याहून मुठीतून गळलेला कासराच अधिक भरवशाचा दस्तऐवज वाटतो. मात्र ओढ्याच्या उतारावर चाक खडकाला घासताच तीच मूठ झोपेतही आवळली जाई.