नुसते ओठ हलव!

शाळेच्या गॅदरिंगला समूहगीतात मी सलग तीन वर्षं उभा होतो आणि तिन्ही वर्षं गाण्याच्या बाईंनी मला एकच सूचना केली. "तू नुसते ओठ हलव!" बाईंचा माझ्यावर राग नव्हता, संगीतावर प्रेम होतं इतकंच. माझी उंची मागच्या रांगेत मधोमध बरोबर बसत होती आणि आवाज कुठंच बसत नव्हता. बाईंनी उंची ठेवून घेतली आणि आवाज परत केला. तिसऱ्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर आत्यानं माझी दृष्ट काढली. "किती तन्मय होऊन गात होतास रे!" असं म्हणून तिनं माझ्या हातावर दहा रुपये ठेवले. मी वाकून नमस्कार केला आणि दहा रुपये खिशात घातले. न केलेल्या कामाचा तो माझा पहिला मोबदला. (बँकेत मी पुढं लागलो.)

तेव्हापासून ओठ हलवण्याची सवय सुटली नाही. शाखेच्या वर्धापनदिनी साहेब जे भाषण करतात ते मी लिहिलेलं असतं. घरी आईला काही ऐकवायचं असलं की आवाज हिचा असतो आणि ओठ माझे. त्यामुळे केबल आली आणि म्युझिक व्हिडिओ नावाची वस्तू घरात शिरली, तेव्हा आमच्या वडिलांना ती जितकी परकी वाटली तितकी मला वाटली नाही.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. त्यावर लागलेलं पहिलंच गाणं व्हिडिओनं रेडिओच्या गायकाला ठार केलं, अशा अर्थाचं होतं. एखाद्या पतपेढीनं उद्घाटनाच्या दिवशीच शेजारच्या पोस्टाचं श्राद्ध घालावं, तसा हा प्रकार. पुढं या धंद्याचे काही नियम ठरून गेले. गिटार विजेची असावी, पण वायर कुठं दिसू नये. समुद्रकाठी, डोंगरावर, जिथं विजेचा खांबही नाही तिथं ती वाजवावी. वारा फक्त नायिकेच्या केसांना लागावा, शेजारच्या झाडाचं पान हलू नये. आणि काहीही झालं तरी ओठ जुळले पाहिजेत.

या ओठांपायी लोकांनी काय काय खस्ता खाल्ल्या आहेत! गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रीकरणाच्या वेळी ते स्पीकरवर लावतात आणि गायक तोंड हलवतो. हे सोपं झालं. पण चित्र संथ गतीनं दाखवायचं असेल तर? मग चित्रीकरणाला गाणं भरधाव लावतात, गायक बिचारा तोंडाचा पट्टा सोडतो आणि पडद्यावर सगळं संथ झालं की ओठ शब्दांवर येतात. पोलीस नावाच्या इंग्रज वाद्यवृंदानं १९८३ साली हे केलं. (पोलिसांनी इतक्या घाईनं केलेलं दुसरं काम मला ठाऊक नाही.) कोल्डप्ले या वाद्यवृंदाच्या ख्रिस मार्टिननं तर 'द सायंटिस्ट'च्या व्हिडिओसाठी आपलंच गाणं उलटं पाठ केलं, महिनाभर घोकून. कारण चित्र उलटं फिरणार होतं आणि ओठ मात्र सुलटे दिसायला हवे होते. ओठ हलवायला साफ नकार देणारा एक बॉब डिलन. १९६५ साली लंडनच्या एका बोळात तो शब्द लिहिलेले पुठ्ठे घेऊन उभा राहिला. गाणं वाजत राहिलं आणि हा एकेक पुठ्ठा दाखवून टाकत गेला. आमच्या बाईंना ही युक्ती सुचली असती तर!

आता प्रश्न असा, की हे खोटं आहे का? स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवले तर मी फार तर हरकतीची नोंद करीन. दुसऱ्याच्या आवाजावर हलवले तर? मिली व्हॅनिली नावाची एक देखणी जोडगोळी होती. १९८९च्या जुलैत अमेरिकेत ब्रिस्टल इथल्या कार्यक्रमात त्यांची टेप अडकली आणि तोच अर्धा तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला. दोघांतला एक चक्क आत पळाला. तरीही फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. नोव्हेंबरात निर्मात्यानं कबूल केलं, की गाणारे वेगळेच होते. ग्रॅमी परत घेतलं गेलं.

यावर आपण हसतो, पण आपला अख्खा सिनेमा याच पायावर उभा आहे. आपल्याकडे याला फसवणूक म्हणत नाहीत, पार्श्वगायन म्हणतात. कारण सगळ्यांना माहीत असतं, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत असे. मग कळलं की १९४९च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव! म्हणजे जी बाई अस्तित्वातच नव्हती तिच्या खात्यावर गाणं जमा. माहीत असणं आपोआप होत नाही, त्यासाठी कुणाला तरी भांडावं लागतं. अमेरिकेत मार्था वॉश ही दणकट अंगाची आणि दणकट गळ्याची बाई भांडली. १९९०च्या एका नाचाच्या गाण्यात आवाज तिचा होता आणि व्हिडिओत ओठ हलवत होती एक सडपातळ तरुणी. प्रकरण कोर्टात गेलं, १९९४ साली तडजोड झाली आणि कंपनीनं एमटीव्हीला विनंती केली, की आवाजासाठी वॉशबाईंचं नाव दाखवा आणि दुसरीचं 'दृश्यीकरणा'साठी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नाव नसलेला आवाज हा बेअरर चेक आहे. काउंटरवर जो उभा राहील तो पैसे घेऊन जातो.

हे सगळं ज्ञान मला फार उशिरा झालं. त्याआधीच्या गणपतीत आमच्या सोसायटीनं व्हिडिओ काढला होता. गाणं सेक्रेटरींचं. गायली खालच्या इस्त्रीवाल्यांची मुलगी. पोरीचा गळा असा, की रेकॉर्डिंगवाला पैसे मागायचं विसरला (दुसऱ्या दिवशी त्याला आठवण झाली, मी खजिनदार असल्यानं मला माहीत आहे). चित्रीकरणाला कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "फेस जरा फ्रेश पाहिजे." सगळ्यांनी आमच्या कन्येकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कन्येच्या गळ्यावर माझा वारसा सरळ उतरला आहे, पण चेहरा हिचा आहे.

पेडेस्टल फॅन लावून केस उडवले. कन्येला ओळी आठवेनात, म्हणून त्या मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कॅमेऱ्यामागं धरल्या. धरणारी कोण, तर इस्त्रीवाल्यांची मुलगी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच्या वतीनं सही करायला आम्ही काउंटरवर कुलमुखत्यारपत्र मागतो, तिथं मी चष्मा पुसत उभा होतो. शेवटी तिचं नाव आलं, पण 'विशेष आभार'मध्ये, मांडववाल्याच्या खाली. मी हळूच विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, सगळ्या सोसायटीला माहीत आहे की!"

आत्या सोसायटीत राहत नाही. तिनं गावी व्हिडिओ पाहिला आणि फोन केला. "काय गोड गळा आहे रे पोरीचा! घराण्यात तुझ्यानंतर हीच." वर नातीला म्हणून पाचशे रुपये पाठवले. कन्या म्हणाली, "बाबा, आत्याआजीला खरं सांगू?" मी म्हणालो, "राहू दे. म्हातारं माणूस, विरस होईल." माझ्या दहा रुपयांबद्दल ती काहीच विचारणार नव्हती, तरी मी घाईनं पेपर उघडला.

पाचशेची नोट आठ दिवस कपाटात होती. चुकीच्या खात्यात जमा झालेली रक्कम उलटवायला बँकेत मला दहा मिनिटं लागतात. नवव्या दिवशी शर्ट टाकायच्या निमित्तानं मी खाली गेलो आणि नोट त्या मुलीसमोर ठेवली. "आमच्या आत्यानं दिलेत. गाण्याबद्दल."

"आत्यांना माहितेय मी गायले ते?" तिनं विचारलं.

"सांगणार आहे," मी म्हणालो. ओठ माझे होते, आवाजही माझाच असावा.

तिनं नोट घडी करून वडिलांच्या गल्ल्यात टाकली आणि माझा शर्ट मोजून घेतला. मी जायला निघालो तशी म्हणाली, "काका, तिसऱ्या कडव्यात ताईचे ओठ मागं राहतात. मी कागद वेळेवर धरला होता."