सेवाही शिकावी लागते

पुंडलिकाची कथा आपण कीर्तनात शंभर वेळा ऐकतो आणि विटेपाशी आलो की डोळे पुसतो. पण त्या कथेचा आरंभ आपण घाईने उरकतो. हाच पुंडलिक आधी आईबापांना छळणारा होता. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, मग तो सेवेला लागला. म्हणजे सेवा त्यालाही उपजत नव्हती. आज वाचकांपुढे आम्हाला हाच प्रश्न ठेवायचा आहे: मनात माया असली म्हणजे सेवा आपोआप साधते काय?

आमच्या परिचयाच्या एका माळकरी घरातली गोष्ट. म्हातारीला स्मृतिभ्रंश झालेला. दिवेलागण झाली की गाठोडे बांधून ती उंबऱ्यात उभी. "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल." मुलगा म्हणे, "अगं, हेच तुझं घर. तुझ्या आईला जाऊन चाळीस वर्षं झाली!" की म्हातारी हंबरडा फोडी, जणू बातमी आजच कळली. उद्या पुन्हा तेच. मुलगा खोटे बोलत नव्हता, माया उणी नव्हती. तरी रोज तिन्हीसांजेला तो आईला रडवीत होता.

"साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण मोकळे होतो. पण हा वयाचा चाळा नव्हे, हट्ट नव्हे, पूर्वजन्मीचे पाप तर नव्हेच. हा मेंदूचा आजार आहे. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख माणसांना तो असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. यात आठवण जाते, समजूत जाते. भावना मात्र पुष्कळ काळ जाग्या राहतात. म्हणून वाद घालून पटवणे व्यर्थ.

मग खोटे बोलावे काय? तसेही नाही. "आईची आठवण येते का? कशी होती गं ती?" एवढे विचारावे. यात असत्य नाही आणि घावही नाही. वागणे बिघडले तर आधी कारण शोधावे: तहान, भूक, लघवीची घाई, बद्धकोष्ठ, कुठे दुखणे. अंधार पडण्याआधी दिवा लावावा. समोर येऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. एकदोन दिवसांतच एकाएकी भ्रम वाढला, तर डॉक्टरला दाखवावे.

हे शिकवता येते. गोव्यात 81 कुटुंबांचा अभ्यास झाला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. थोडे शिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते निम्म्याशा घरी सहा महिने जात राहिले. आजार समजावीत, वागणे कसे सांभाळावे ते सांगत. रुग्णांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका झाला. हे थोडे नव्हे.

येथे एक कडू गोष्ट बोलावीच लागते. पुंडलिकाचे नाव मुलगा घेतो आणि अंथरूण सून धुते. रात्र रात्र जागून ती एखादे वेळी ओरडली, तर लगेच आपण तिला बोल लावतो. अहो, थकणे हे पाप नव्हे! तिला विसावा न देणे, हा मात्र आपला दोष आहे. सेवा शिकायची ती घरातल्या सर्वांनी, पुरुषांनीही. आणि अशा घरची बाई सेवेपायी वारीला मुकत असेल, तर दिंडीतल्या चौघांनी आळीपाळीने तिचे घर सांभाळावे, तिला एकदा पंढरी पाहू द्यावी. यालाही आम्ही वारीच म्हणू.

त्या घरी आता दिवा लवकर लागतो. मुलगा आईजवळ बसून तिच्या माहेरचे विचारतो, हरिपाठाला तिच्या हाती टाळ देतो. मुलाचे नाव तिला आठवत नाही, टाळ मात्र चुकत नाही. कधी गाठोडे सुटते, कधी नाही सुटत. नाही सुटले, तर तो तिच्यासंगे आळीच्या टोकापर्यंत चालून येतो. परतताना ती म्हणते, "आलं बाई घर."