मास्कच्या पट्ट्याखाली

श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप मशीनचा मास्क सैल राहिला की बाजूने हवा सुटते, मशीन वाजू लागतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरतं. मग पट्टा आणखी ओढला जातो. नाकाच्या हाडावर कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे काही तासांत तिथे खूण उमटते आणि पुढे जखम होते. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब नाकपुडीला कापते, ऑक्सिजनची नळी कानामागे रुतते, कॅथेटर मांडीखाली राहिला तर मांडी सोलवटते. यातली एकही वस्तू निष्काळजीपणाने लावलेली नसते. सगळ्या जीव वाचवायलाच लावलेल्या असतात.

बेडसोर, म्हणजे दाबजखम, म्हटलं की आपल्याला माकडहाड आणि टाचा आठवतात, आणि कूस बदलणं हा त्यावरचा उपाय. पण जॉइस ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झाल्यावर झालेल्या दाबजखमांपैकी 34.5 टक्के जखमा उपकरणांमुळे झालेल्या आढळल्या. धोका ओळखण्यासाठी शिकवली जाणारी 1987 ची ब्रेडन मापनी मात्र संवेदना, ओल, हालचाल, आहार असं सगळं विचारते. अंगावर कोणती नळी आहे, एवढंच विचारत नाही.

आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची या बाबतीतली अभिवृत्ती मोजण्याकडे संशोधक वळले आहेत. दिशा योग्य आहे. बेल्जियमच्या दिमित्री बीकमन यांच्या गटाने 2010 मध्ये दाबजखमा टाळण्याविषयीची 13 विधानांची मापनी तयार केली होती. उपकरणांच्या जखमांसाठीही अशी स्वतंत्र मापनी हवी. माझी हरकत मोजण्याला नाही, विधानं कशी विचारली जातात याला आहे. 'रुग्णाची त्वचा जपणं ही माझी जबाबदारी आहे' या विधानापुढे तिसऱ्या वर्षाची मुलगी 'पूर्ण सहमत' याखेरीज दुसऱ्या कशावर खूण करणार? विधानातच उत्तर दडलेलं आहे, आणि कागद गोळा करायला तिच्याच मॅडम उभ्या आहेत.

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी 1934 मध्येच हा पेच दाखवून दिला होता. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकेत 251 हॉटेलं आणि खानावळींत गेले. नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. पुढे पत्राने विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे घेणार नाही असं लिहिलं. कागद एक सांगतो, दारात उभं राहिल्यावर माणूस वेगळंच वागतो. वॉर्डात फक्त उलटं घडतं: कागदावर होकार असतो, हात मात्र पट्ट्याकडे जात नाही.

का जात नाही? विद्यार्थिनी बेफिकीर आहे म्हणून, असं मला वाटत नाही. मास्क क्षणभर उचलला आणि सॅच्युरेशन पडलं तर बोलणी तिलाच बसणार. खूण दिसली तरी इंचार्ज सिस्टरना सांगायचं की रेसिडेंट डॉक्टरांना, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात पाठ्यपुस्तक लाली शोधायला शिकवतं, आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली अनेकदा दिसतच नाही. तिथे हात लावून ऊब, कडकपणा, सूज चाचपावी लागते. दिसलंच नाही तर तिच्या मनातल्या आस्थेचा रुग्णाला काय उपयोग?

म्हणून प्रश्नावलीत काही ठोस प्रश्न असावेत. या पाळीत किती मास्कांखाली पाहिलंस? कुणाला सांगितलंस? त्यांनी काय केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थिनीपेक्षा वॉर्डाची अभिवृत्ती अधिक सांगेल, आणि गुण त्या वॉर्डालाही मिळायला हवेत.

2020 मध्ये परिचारिकांच्या नाकांवर एन-95 मास्कचे वळ आपण सगळ्यांनी पाहिले. तो दाब त्यांनी स्वतः सोसलेला आहे. उपकरणाखालची त्वचा दिवसातून किमान दोनदा पाहावी, असा सर्वमान्य संकेत आहे. नर्सिंग महाविद्यालयांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला प्रश्नावली देण्याआधी एकदा तिच्या शेजारी उभे राहा, आणि तो पट्टा तिच्याबरोबर उचलून पाहा.