ओस गांवची शांतता

ज्या सुखासाठीं आपण कोणाला दुखविलें नाहीं, कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं, तें सुख निर्दोष, असें आपण सहसा गृहीत धरतों. रोजच्या व्यवहाराच्या हिशेबांत तेवढें पुरतेंहि. परंतु कांहीं सुखें अशीं असतात कीं, आपले हात स्वच्छ असूनहि त्यांच्याविषयीं मनांत शंका आल्यावांचून राहत नाहीं. स्पेनच्या अंतर्भागांतील निवांत रस्त्यांवरून सायकलीनें हिंडण्याचें सुख हें त्यांपैकीं एक होय. सायकल धूर सोडीत नाहीं, गोंगाट करीत नाहीं, कोणाच्या अंगावर धूळ उडवीत नाहीं; चालविणाऱ्याच्या घामाखेरीज ती कशाचाहि व्यय करीत नाहीं. यापेक्षां निरुपद्रवी करमणूक शोधूनहि सांपडावयाची नाहीं. तरीहि त्या सुखाला एक प्रश्न चिकटलेला आहे, आणि तो नीतीचा आहे.

माद्रिदच्या ईशान्येस सोरिया नांवाचा प्रांत आहे. हजार मीटरांच्या आसपास उंचीचें तें पठार, आणि त्यांतून वळसे घेत जाणारी दुएरो नदी. गव्हाजवांचीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलेलीं असतात. मध्येंच सबीना नांवाच्या सदाहरित, सुगंधी लांकडाच्या वृक्षांचीं विरळ रानें लागतात. वर गिधाडें संथपणें घिरट्या घालतात. आडरस्त्याला लागलें कीं, कित्येकदां अर्धा अर्धा तास एकहि मोटार भेटत नाहीं. अशा प्रदेशाचा परिचय करून घ्यावा तो सायकलीवरूनच. मोटारींतल्या माणसाला चढ डोळ्यांना दिसतो, सायकलस्वाराच्या तो मांड्यांना कळतो. वाऱ्याची दिशा, कापलेल्या गवताचा वास, दूरच्या मेंढ्यांच्या गळ्यांतील घंटा, हें सर्व त्याच्या वांट्याला येतें; आणि पायीं चालणाऱ्याला जें एका दिवसांत गांठतां येत नाहीं तें त्याला गांठतां येतें.

वाटेंत लागणारीं गांवें इतिहासानें भरलेलीं आहेत. कालातान्यासोर येथें मातीच्या विटांचीं आणि सबीनाच्या तुळयांचीं मध्ययुगीन धाटणीचीं घरें अजून उभीं आहेत. इ. स. १००२ मध्यें कोर्दोव्याचा पराक्रमी सेनानी अल्मान्सोर याचा येथें पराभव झाला व तो आपला नगारा येथेंच हरवून बसला, अशी लोककथा आहे. त्या लढाईविषयीं इतिहासकार साशंक असले, तरी गांवानें ती कथा सोडलेली नाहीं. गोर्मासच्या टेकडीवर दहाव्या शतकांतील खिलाफतीचा किल्ला आहे. त्याच्या तटाचा घेर एक किलोमीटराहून अधिक भरतो. मेदिनासेलीच्या कड्यावर रोमन लोकांनीं उभारलेली तीन कमानींची वेस एकोणीस शतकें वारा सोसते आहे. प्रवासी थांबतो, भिंतीला सायकल टेकवितो, आणि त्याच्या तोंडून शब्द निघतो, “केवढी शांतता!”

ही शांतता आली कोठून, हाच तो प्रश्न. ती अरण्याची किंवा मठाची शांतता नव्हे. सोरिया प्रांताचें क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. १९५० च्या सुमारास तेथें दीड लाखाहून अधिक लोक राहत; आज ते नव्वद हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतले चाळीस हजारांच्या जवळपास एकट्या सोरिया शहरांत आहेत. दर चौरस किलोमीटरास सुमारें नऊ माणसें! २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्राचा हाच आंकडा ३६५ होता. खेचरांच्या जागीं ट्रॅक्टर आला. दहा कुटुंबांचें काम एक कुटुंब करूं लागलें. माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ येथील कारखान्यांनीं आणि पुढें जर्मनी व फ्रान्स या देशांनींहि तरुणांना बोलावून घेतलें. मुलें गेलीं म्हणून शाळा बंद झाली, आणि शाळा बंद झाली म्हणून उरलेलीं मुलेंहि गेलीं. बुर्गोसहून सोरियावरून कालातायुदकडे जाणारा लोहमार्ग १ जानेवारी १९८५ रोजीं बंद पडला. आज त्या मार्गाच्या कांहीं भागांवरून सायकली जातात. स्पेनांत १९९३ पासून असे मृत लोहमार्ग ‘हिरव्या वाटा’ म्हणून पादचाऱ्यांना व सायकलस्वारांना खुले करण्यांत येत आहेत. कल्पना स्तुत्य आहे. पण आपल्या चाकाखालची वाट इतकी सपाट व सोयीची कां, याचें उत्तर त्या वाटेवरून नाहींशा झालेल्या आगगाडींत आहे.

तेथील लोकांनीं या स्थितीसाठीं जो शब्द निवडला तो मोठा सूचक आहे. सेर्खियो देल मोलिनो या लेखकाच्या २०१६ सालच्या पुस्तकाचें नांव ‘रिकामा स्पेन’ या अर्थाचें होतें. परंतु ३१ मार्च २०१९ रोजीं माद्रिदच्या रस्त्यांवर जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यानें ‘रिकामा’ हें विशेषण बदलून ‘रिकामा केलेला’ असें कर्मणि रूप पुढें केलें. व्याकरणांतील एवढ्याशा फरकांत केवढें दुःख सामावलें आहे! ओस असणें हा भूमीचा गुण झाला. ओस पाडलें जाणें ही एक घटना आहे, आणि घटना म्हटली कीं तिला कर्ता असतो.

मग सायकलस्वार दोषी ठरतो काय? त्याच्या बाजूनें बरेंच बोलतां येईल. गांव त्यानें ओस पाडलें नाहीं. तो दोन घोट कॉफी घेतो, पावाचे चार तुकडे विकत घेतो. झाला तर थोडा फायदाच होतो. तो कांहीं उचलूनहि नेत नाहीं. उचलून नेणारे रसिक या प्रांतानें पाहिलेले आहेत. बेर्लांगाजवळच्या सान बाउदेलियोच्या मध्ययुगीन मंदिरांतील भित्तिचित्रें १९२६ सालीं भिंतीवरून सोलून काढण्यांत आलीं व अमेरिकेस गेलीं. त्यांतील कांहीं १९५७ पासून माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहेत. मूळ भिंतीवर त्यांच्या फिकट खुणा तेवढ्या राहिल्या. त्या रसिकतेशीं तुलना केली, तर केवळ पाहून निघून जाणारा प्रवासी साधूच म्हणावयाचा.

तथापि, कांहीं घेतलें नाहीं एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं, कारण नीति कृतीपाशीं संपत नाहीं, ती इच्छेपर्यंत जाते. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील धनिक आपल्या बागांतून मुद्दाम पडक्या इमारती बांधवून घेत. पडझडीचें सौंदर्य त्यांना इतकें प्रिय होतें. तो खेळ निरागस होता, कारण त्या भिंतींमागें कोणी राहिलेलेंच नव्हतें. सोरिया शहराजवळच्या नुमान्सियाचे अवशेष पाहतांनाहि संकोच वाटूं नये. ख्रिस्तपूर्व १३३ मध्यें रोमन वेढ्यांत तें नगर उपासमारीनें व आत्मघातानें संपलें. त्या शोकाचे वारस आज उरलेले नाहींत. परंतु ज्या घराच्या दाराला काल-परवां कुलूप लागलें, त्याची किल्ली सारागोसांतल्या एखाद्या चौथ्या मजल्यावर खिळ्याला टांगलेली आहे. तें घर अजून अवशेष झालेलें नाहीं, तें कोणाचें तरी घर आहे.

येथें सायकलस्वाराची खरी परीक्षा ऑगस्ट महिना घेतो. ऑगस्टांत ग्रामदैवताचे उत्सव असतात आणि शहरांत गेलेलीं कुटुंबें परत येतात. ज्या चौकांत पंधरा माणसें दिसत नव्हतीं तेथें दीडशें दिसूं लागतात. पोरें हुंदडतात, रात्रीं उशिरापर्यंत बँड वाजतो, गल्लींत मोटारी अडतात. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें गांव त्या दिवसांत खरेंखुरें गांव होतें. अनुभवी प्रवासी मात्र सल्ला देतात कीं, ऑगस्ट टाळावा, सप्टेंबरांत यावें. म्हणजे शांतता मिळते. सल्ला सोयीचा आहे, आणि उन्हाचा विचार करतां शहाणपणाचाहि आहे. पण तो देतांना मनांत काय आहे, हें ज्याचें त्यानें तपासावें. गर्दी नको एवढेंच मनांत असेल तर तो आवडीनिवडीचा भाग झाला. परंतु तीं माणसें कायमचीं परत आलीं तर आपल्याला वाईट वाटेल काय? या प्रश्नाला मन ‘होय’ म्हणत असेल, तर आपलें सुख दुसऱ्याच्या हानीवर पोसलेलें आहे, मग ती हानि आपण केलेली असो वा नसो.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक आहे, आणि ती अधिक प्रतिष्ठित आहे. कोणी म्हणतो, “हीं माणसें येथून गेलीं तरी कां? हें आकाश, ही हवा सोडून कोंदट शहरांत कशाला राहावयाचें?” या प्रेमळ तक्रारींतहि गांव हें आपल्या चित्राचें एक अंग मानलेलें असतें, फक्त या चित्रांत ओसाड घरांऐवजीं मेंढपाळ हवे असतात, इतकेंच. आन्तोनियो माचादो हा कवि १९०७ पासून १९१२ पर्यंत सोरियांत फ्रेंच भाषेचा शिक्षक होता. तेथेंच त्याचें लग्न झालें आणि तेथेंच त्याची तरुण पत्नी वारली. त्याच्या इतकें या भूमीवर प्रेम करणारा विरळा. पण तिचें दारिद्र्य, रुक्षता आणि देशांतराला निघणारीं माणसें यांकडे त्यानें डोळेझांक केली नाहीं. जे गेले ते पगारासाठीं, दवाखान्यासाठीं, मुलांच्या शिक्षणासाठीं गेले. त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार आठ दिवसांच्या पाहुण्याला कोणी दिला? २०१९ च्या त्या मोर्चानें कोणाची कींव मागितली नव्हती. गांवांत डॉक्टर यावा, गाडी धांवावी, शहरांतल्याप्रमाणें दूरसंदेशाची सोय असावी, अशा त्याच्या साध्या मागण्या होत्या. गांवाचें हित कशांत आहे हें गांवच्या माणसांनीं सांगावयाचें असतें, आपण तें ऐकावयाचें असतें.

मग या सुखाचा त्याग करावा काय? माझें मत तसें नाहीं. हें सुख नीट उलगडून पाहिलें कीं त्याचें मूळ ओसाडींत नसून निराळ्याच ठिकाणीं असल्याचें आढळतें. रस्ता गुळगुळीत आहे, कारण कोठें तरी तीस माणसें राहतात आणि त्यांचा रस्त्यावर हक्क आहे, हें सरकारला अद्याप मान्य आहे. चौकांतल्या कारंज्याला पाणी आहे, कारण कोणी तरी त्याची नळी साफ करतें. जुनें देऊळ आंतून पाहतां येतें, कारण त्याची किल्ली शेजारच्या आजीबाईपाशीं असते आणि ती हातांतलें काम टाकून उठते. गांवांतलें एकुलतें एक उपाहारगृह कित्येकदां ग्रामसभेनेंच अल्प भाड्यानें देऊन चालू ठेवलेलें असतें, कारण तें बंद झालें तर माणसांना एकत्र बसावयाला जागाच उरणार नाहीं. गांव पूर्णपणें ओस पडलें कीं रस्ता फुटतो, पाणी थांबतें, दार उघडेनासें होतें, आणि सायकलस्वाराचें सुखहि त्याच दिवशीं संपतें. ज्याला तो निर्जनतेचा आनंद समजत होता तो वस्तुतः उरलेल्या थोड्या जनांचा प्रसाद होता.

सायकलस्वाराला ही गोष्ट इतरांपेक्षां लौकर समजावी. मोटारवाला आपली शिदोरी घेऊन कांचेआडून पाहतो. सायकलस्वाराला तहान लागते. दुपारच्या उन्हांत पुढल्या गांवांत कोणी असेल काय, हा प्रश्न त्याच्या पुरता अगदीं शारीरिक असतो, आणि कुत्र्याचें भुंकणें किंवा धुराड्यांतला धूर त्याला आधार वाटतो. म्हणून तो प्रेक्षक नव्हे, अतिथि आहे. यजमानाच्या घरांत माणसें कमी आहेत म्हणून बसावयाला जागा ऐसपैस मिळाली, तर अतिथीनें त्या जागेचा उपयोग खुशाल करावा. परंतु तो मोकळेपणा हें घराचें ऐश्वर्य आहे असें त्यानें म्हणूं नये, आणि घर भरावें अशी इच्छा मनांत धरून उठावें.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचें कारण नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षां कमी भरली. तेथेंहि वर्षभर कुलूप असलेलीं घरें गणपतींत उघडतात, आणि तेथेंहि बाहेरचा पाहुणा “काय निवांत गांव आहे!” असें सहज म्हणून जातो. कोंकणच्या माणसाला त्या उद्गारानें आनंद होतो कीं त्याच्या काळजांत काहीं तरी हलतें, याचा विचार आपण क्वचितच केला असेल.

निसर्गानें दिलेली शांतता सर्वांची आहे. ती कोणीहि कितीहि लुटावी. माणसें गेल्यानें आलेली शांतता मात्र आपल्याकडे उसनी असते. उसनी वस्तु वापरण्यांत पाप नाहीं. ती आपली समजण्यांत आहे, आणि धन्यानें परत मागितली असतां कुरकुरण्यांत आहे. कालातान्यासोरच्या चढावर धापा टाकीत असतांना वरून पोरांचा कलकलाट ऐकूं आला, तर आपली शांतता भंगली असें न वाटतां ज्याला बरें वाटेल, त्यानें त्या वाटेनें निःशंक मनानें जावें.