विहार गावापासून किती लांब असावा?

भादव्यातली पहाट होती. बुलढाण्याहून अजिंठा लेण्यांकडे निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की देऊळघाट मागे पडलं तरी गाडीचे दिवे चालूच होते. मागच्या सीटवर आई, बायको आणि दहा वर्षांची लेक. आईच्या मांडीवर भाकरी-ठेच्याची शिदोरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगा धरलेलं सोयाबीन. शिवन्याकडे जाताना जिल्हा बदलतो, डोंगर मात्र तोच राहतो. या रांगेचं नावच अजिंठा. बुलढाणा तिच्याच माथ्यावर वसलंय आणि पैनगंगाही तिच्यातूनच निघते.

नातं नुसतं डोंगराचं नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. पाचव्या शतकात अजिंठ्याला जो दुसरा बहर आला, तो आमच्या शेजारच्या वाशीमहून राज्य करणाऱ्या या घराण्याच्या काळात. शाळेत मात्र आम्ही 28 एप्रिल 1819 ही तारीख पाठ केली. इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नावही कोरून ठेवलं. लेकीला मी आधी वराहदेवाचं नाव सांगितलं. ज्यानं लेणं घडवलं त्याचं नाव आधी यावं, असं मला वाटतं.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून बसनं आत गेलो. वाघूर दुथडी भरून वाहत होती. आईनं चपला काढल्या, हात जोडले, त्रिसरण म्हटलं. मग एका विहारातल्या अंधाऱ्या खोलीत डोकावून तिनं विचारलं, “अन् हे भंते जेवाले कुठी जात व्हते रे?”

अजिंठ्याला मी पाच-सहा वेळा गेलो असेन. चित्रांचे रंग, प्रसंग, काळ यांवर भरपूर वाचलंय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

भिक्खूनं स्वतः रांधायचं नाही, पिंडपात, म्हणजे भिक्षेतलं अन्न, घ्यायचा, हा नियम. म्हणजे सकाळी पात्र घेऊन निघून दुपारच्या आत परत येता येईल, इतक्या अंतरावर गाव हवंच. विनयपिटकात बिंबिसार राजा बुद्धांसाठी जागा शोधतो तेव्हा तो हाच विचार करतो: गावापासून फार लांब नको, फार जवळही नको, लोकांना येता-जाता यावं आणि रात्री शांतताही मिळावी. म्हणून त्यानं वेळुवन दान दिलं. अजिंठ्यालाही हेच माप लागू आहे. दरीत शिरलं की जग मागे राहिल्यासारखं वाटतं, पण लेण्यांवरची दानाची नावं वेगळं सांगतात. बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या एका वाण्याचं दान नोंदलेलं आहे. बाजारपेठेतला पैसा या दगडात आहे.

आणि बाजारही आहे! सतराव्या लेण्यात वेस्संतर जातक रंगवलंय. दानशूर राजपुत्र वेस्संतर राज्याबाहेर काढला जातो. चार घोड्यांच्या रथात तो, माद्री आणि त्यांची दोन लेकरं. रथ चाललाय तो भर बाजारातून, आणि दुकानांत माणसं बसलेली आहेत. पुढे वाटेत तो घोडे देतो, रथ देतो, आणि चौघं पायी चालू लागतात. लेकीला ती दोन मुलंच आवडली. ती किती तरी वेळ हलली नाही. संसार सोडलेल्या माणसांनी आपल्या राहत्या भिंतीवर एक कुटुंब, एक वाट आणि एक गजबजलेलं शहर रंगवून घेतलं होतं. माझ्या मनातला संन्यास त्या अर्ध्या तासात बदलला.

संध्याकाळी शंभरेक किलोमीटर कापून छत्रपती संभाजीनगरात पोचलो. मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलेली ही खडकी. दरवाज्यांतून वाहनं एकमेकांना घासत जात होती. गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नान-खलियाचा वास, कापडाची दुकानं, रिक्षावाल्यांची हाकाटी. आईला हे सगळं लेण्यांइतकंच आवडलं आणि तिनं ते मोकळेपणानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बीबी-का-मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी पाहिली. तिथून थोड्याच अंतरावर नागसेनवन. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय इथं आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन त्याला उत्तरं देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी परिसराला ‘वन’ म्हटलं, आणि मला वेळुवन आठवलं. इथंही तेच माप आहे: शहरापासून फार लांब नाही, फार जवळ नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, त्यांची पोरं इथं शिकली. शेजारच्या मराठवाडा विद्यापीठाला 14 जानेवारी 1994 रोजी बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्यामागे सोळा वर्षांचा लढा आणि अनेकांचे जीव आहेत. कमानीखाली लेकीला हे सांगताना आवाज लागत नव्हता.

आता आमच्या वस्त्यांकडे वळतो. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रात होते. बुलढाण्यातल्या वस्त्यांमध्ये ठिकठिकाणी एका खोलीचा विहार दिसतो. बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, बाहेर पंचशील ध्वज. पौर्णिमेला वंदना होते, जयंतीला गर्दी होते आणि एरवी बहुतेक विहारांना कुलूप असतं. माझ्या मते हे कुलूप बुद्धाच्या विचाराशी जुळत नाही. विहार ही राहण्याची, शिकण्या-शिकवण्याची जागा होती आणि लोक तिथं रोज येत-जात. आमचे विहार तर वस्तीच्या मधोमध आहेत, पिंडपाताला जायचीही गरज नाही. हवेत ते फक्त दोन बाकं, एक दिवा आणि पुस्तकांचं एक कपाट.

म्हणून माझ्या जिल्ह्यातल्या वाचकांना विनंती आहे. अजिंठ्याला जाल तेव्हा मुलांना सतराव्या लेण्यात थोडं थांबू द्या, आणि दुसऱ्या दिवशी नागसेनवनात न्या. परत आलात की आपल्या विहाराची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, आणि संध्याकाळी दोन तास तरी दार उघडं ठेवा.