चौकट मोडली की मान दुखते?

"एकदम भारी होतं, सर." संपलं? एवढ्यात वाचलेल्या मँगा आणि ग्राफिक कादंबऱ्यांवर दोन पानं लिहून आण म्हटलं, तर चार शब्द घेऊन आलास. त्यातला एक तर मीच!

काहून लिहिलं नाहीस? रोवणी सुरू आहे म्हणे. दिवसभर चिखलात वाकलं की पाठ मोडते, हे मला कोणी सांगायला नको. पण त्याच मोडक्या पाठीनं रात्री दोनपर्यंत मोबाइल धरलास ना? 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे, हजारावर चॅप्टर झालेत, आणि तू थेट ताज्या चॅप्टरपर्यंत येऊन बसलास. कोणत्या बेटावर कोण कोणाला भेटलं, झोपेतून उठवलं तरी सांगशील. तेव्हा वेळ नाही, इंग्रजी कच्चं आहे, लक्षात राहत नाही, ही रडगाणी माझ्यापुढे नकोत. ढ असतास तर मी एक अक्षर बोललो नसतो. तू ढ नाहीस. आळशी आहेस, आणि वर स्वतःला वाचक म्हणवतोस.

'बेअरफूट गेन'बद्दल काय म्हणालास? "चित्रं लहान पोरांसारखी आहेत." बरोबर पाहिलंस. मग तिथेच काहून थांबलास? काढणारा केइजी नाकाझावा हिरोशिमाचा. १९४५ साली बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचा. बाप, बहीण, धाकटा भाऊ, तिघं त्यात गेले. त्यानं १९७३ साली ही गोष्ट मुलांच्याच साप्ताहिकात काढायला घेतली. गोल चेहरे, मोठे डोळे, धपाधप मारामारी करणारी पोरं. आणि पुढे त्याच हातानं काढलेल्या माणसांची कातडी गळून लोंबते. चित्र पोरकट आहे म्हणून ते जास्त अंगावर येतं, की म्हणूनच हलकं होतं? दोन्ही बाजूंनी भांडता येईल. भांड ना माझ्याशी! पान वर सरकवायला बोट पुरतं. भांडायला डोकं लागतं.

पण माझं माथं खरं फिरलं ते 'भीमायन'वर. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या चित्रांचं, २०११ सालचं पुस्तक, माझ्या हातानं तुला दिलं. अर्ध्यात परत केलंस. काय म्हणे, "चौकटी नाहीत, कुठून कुठे वाचायचं कळत नाही." वा रे वा! जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलास, तेव्हा कोण शिकवायला आलं होतं? हौस होती, शिकलास. आणि परधान गोंड चित्रकारांनी चौकट बाजूला ठेवली की लगेच तुझी मान दुखते?

चौकट जमली नाही म्हणून सोडलेली नाही. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, हे ठरवून सोडली आहे. पान विभागलंय ते दिग्ना नक्षीनं, जी त्यांच्याकडे घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर काढतात. फुगे तरी पाहिलेस? भल्या बोलण्याचे फुगे पाखरांसारखे. डसणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. कोण कसं बोलतंय, ते अक्षर वाचायच्या आधीच कळतं. तुला कळलं का? तू म्हणालास, "डिझाइन छान आहे." साडीच्या दुकानात आला होतास का?

आणि राहतोस कुठे? आंबागडाच्या पायथ्याशी! देवगडच्या गोंड राजाचा, बख्त बुलंदचा, सुभेदार राजाखान पठाण यानं १७०० च्या सुमारास बांधलेला किल्ला तुला रोज दिसतो. सेल्फीला चढतोस वर. भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत आणि त्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी प्यायला लावत, असं सांगतात. 'भीमायन'मध्येही एक किल्ला आहे, दौलताबाद. १९३४ साली बाबासाहेबांनी आणि सोबत्यांनी तिथल्या टाक्यावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला. गडावरचं पाणी कोणाचं, हा प्रश्न आंबागडच्या पोराला नाही पडायचा तर कोणाला? हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. एवढं सगळं उशाशी असताना तू मला ऐकवतोस, "रिलेट होत नाही, सर." टोकियोतली शाळा रिलेट होते, नाही का?

"मी काय समीक्षक आहे?" हा तुझा हुकमाचा पत्ता. समीक्षक हो म्हटलं कोणी? काय दिसलं ते सांग म्हटलं. तू मात्र याद्या करतोस. आकडा वाढला की छाती फुगते. म्हैससुद्धा चरून आल्यावर बसून रवंथ करते. तू एका वावरातून तोंड काढलं की दुसऱ्यात घालतोस. 'माउस' आहे ना यादीत? ज्यू उंदीर काहून, जर्मन मांजरं काहून, विचारलं तर "सिम्बॉलिक आहे, सर." कशाचं? गप्प. १९९२ साली पुलित्झर मिळालं, हे मात्र तोंडपाठ.

'भीमायन' परत घेऊन जा. मसूर स्टेशनवरून पुढच्या प्रवासात लहान भीमाला पाणी मिळत नाही, त्या प्रसंगातलं एक पान निवड. एकच. पेन्सिलनं वहीत उतरव. हात चांगला आहे तुझा, शाळेचा फलक तूच रंगवतोस. नजर कुठून आत शिरली, कुठे अडली, कुठे वळली, ते खाली लिही. नाही आवडलं तर तसं लिही, कारणासकट. मोडकी वाक्यं चालतील, दुसऱ्याची चालणार नाहीत. रविवारी सकाळी, बांधीत उतरायच्या आधी, वही माझ्या ओट्यावर पाहिजे.